चौथ्या नंबरचा नाच

पागनीस बाईंना राग आला की त्या आधी गप्प होतात. शाळेत आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. ओरडत असल्या, ‘अगं म्हशी, डावा पाय कुठला तेही विसरलीस का’ असं म्हणत असल्या, की सगळं ठीक. गप्प झाल्या की समजायचं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. त्या रविवारी संध्याकाळी सभागृहाच्या आठव्या रांगेत त्या तासाभराहून जास्त गप्प बसून होत्या. शेजारच्या खुर्चीत मी होते.

यशोधरा पागनीस. वय एकोणसाठ. राहणार राजेंद्र नगर, इंदोर. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका शाळेत चौतीस वर्षं नोकरी. कागदावर ‘क्रीडा शिक्षिका’, म्हणजे सकाळी पीटी, दुपारी खो-खो, आणि ऑक्टोबर उजाडला की गॅदरिंगचे नाच. लग्न केलं नाही. कुणी का विचारलं तर म्हणतात, “वेळ कुठे होता? गॅदरिंग होतं.”

त्यांनी चौतीस वर्षांत सगळं बसवलं. गरबा, कोळीनृत्य, माळव्याचा मटकी नाच, देशभक्तीपर पिरॅमिड. पण दर तीन-चार वर्षांनी त्या एकच नाच पुन्हा काढायच्या आणि दर वेळी तो फसायचा. रशियन मुलींचा नाच. त्यांच्या लहानपणी घरी पोस्टानं एक रशियन मासिक यायचं. आत काय लिहिलंय ते कुणी वाचायचं नाही, पण कागद असा गुळगुळीत की सगळी भावंडं त्याची वह्यांना कव्हरं घालायची. बाईंच्या इतिहासाच्या वहीवर बारा मुली आल्या. पायघोळ लाल झगे, हातात हिरव्या डहाळ्या, आणि पाऊल एकीचंही दिसत नाही. पुढे केव्हातरी टीव्हीवर अर्धा मिनिट तो नाच दिसला. बाई सांगायच्या, “चालत नव्हत्या गं. सरकत होत्या! जमीनच त्यांना घेऊन चालली होती.”

ते सरकणं कसं करायचं, हे इंदोरात सांगणारं कोणी नव्हतं. मग बाईंनी स्वतःच शोध लावले. एका वर्षी शाळेच्या सुताराकडून फळ्यांना बेअरिंग लावून घेतले आणि आठ मुलींना त्या गाड्यांवर उभं केलं. पडदा उघडला, दोर ओढला, आणि आठही जणी थेट पालक-शिक्षक संघाच्या अंगावर. एकीचा दात पडला. बाईंना मेमो मिळाला. त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली: चवड्यावर उभं राहायचं, गुडघे अगदी ताठ, आणि छोटी छोटी पावलं. ‘गुडघे ताठ!’ वाकले की फूटपट्टी. आम्ही सरकत नसू, टुणटुण उडत असू. झग्याच्या आत कांगारू कोंबल्यासारख्या. बाई चिडायच्या, आम्हाला वाटायचं आमच्यावर.

आता डिसेंबरातलं हे त्यांचं शेवटचं गॅदरिंग. मार्चमध्ये रिटायर. आणि त्यांनी पुन्हा तोच नाच काढला होता.

अशात बातमी आली: रशियाहून लोकनृत्यांचं पथक इंदोरला येतंय. वल्लरीनं फोन करून सांगितलं. वल्लरी माझ्याच वर्गातली, आता एका इव्हेंट कंपनीत आहे, आणि कार्यक्रम त्यांच्याच कंपनीकडे होता. दोन पास आणि छापील कार्ड घेऊन ती राजेंद्र नगरला आली. बाईंनी कार्ड उघडलं, बोट खाली सरकवत नेलं आणि थांबवलं.

“चार नंबर. ‘युवतियों का घेरा-नृत्य’. हाच तो. वल्लरी, हाच.”

“हो बाई. तुम्ही यायचंच हं. आठवी रांग, कडेची सीट. बदलायची नाही कुणाशी.”

“अगं, मला जमिनीवर बसवलंस तरी चालेल. मला फक्त त्यांचे पाय बघायचेत.”

महिनाभर बाई हेच बोलत होत्या. शाळेत, भाजीवाल्याकडे, माझ्याशी फोनवर. एकदा बघितलं की तीन आठवडे हातात आहेत, पोरींकडून करून घेईन. एकदाच बरोब्बर करायचं, मग घरी बसायचं.

कार्डावर वेळ होती साडेपाच. आम्ही पाचला पोचलो. सहा वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही. विंगेच्या फटीतून लाल झगा दिसत होता. मी नाटकवाली आहे, मला त्या फटीकडे बघवेना. अंग गरम करून, रंग लावून, डोक्यावर तो जड मुकुट चढवून माणूस एसीखाली उभं राहतं तेव्हा त्याच्या पोटऱ्यांचं काय होतं, हे आयोजकांना एकदा त्याच एसीखाली उभं करून शिकवायला हवं.

सहा पंचवीसला प्रमुख पाहुणे आले. दीप. दीप विझला. पुन्हा दीप. मग पथकाची प्रमुख, पन्नाशीची, खांद्यावर पांढरी वेणी सोडलेली बाई, हातांवर कशिद्याचा टॉवेल पसरून पुढे आली. टॉवेलवर गोल पाव आणि पावाच्या डोक्यावर मिठाची वाटी. पाहुण्याचं स्वागत.

बाई पुढे झुकल्या. “तोडा. तुकडा तोडायचा, मिठात बुडवायचा, खायचा,” त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

पाहुण्यांनी पाव दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटून कपाळाला लावला, आणि मागे उभ्या असलेल्या पीएकडे दिला. पीएनं तो शिपायाकडे दिला. शिपायानं ‘प्रसाद है’ म्हणत पहिल्या रांगेत वाटायला सुरुवात केली. प्रमुखबाई मिठाची वाटी घेऊन तशीच उभी. मग कुणीतरी त्या वाटीत बोट बुडवून तिला टिळा लावायला निघालं, तेवढ्यात सुदैवानं फोटोग्राफर मध्ये आला.

“खाल्ला का एकानं तरी मिठाशी?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

त्या तिथपासून गप्प झाल्या.

भाषणं झाली. दोन देशांची मैत्री, इंदोरची स्वच्छता, पोहे, पुन्हा मैत्री. सव्वासातला पहिला नाच सुरू झाला. पुरुषांचा, उकिडवं बसून पाय फेकायचा. हॉल वेडा झाला, शिट्ट्या, ‘अरे भिया, क्या कर रिया है!’ आणि दोनशे मोबाइल एकदम वर. मग वाद्यं: तीन तारांचं तिकोनी वाद्य, बटणांचं अकॉर्डियन. मग रुमालांचा नाच. तीन नंबर झाले. बाईंनी पदर खोचला, चष्मा पुसला, कडेच्या खुर्चीत अर्ध्या उठून बसल्या.

आणि निवेदक म्हणाला, “अब हमारे सम्मान-मूर्तियों का स्वागत!”

सतरंजी आली. टेबल आलं. शालींचा ढीग आला. बिल्डर, डॉक्टर, कोचिंगवाले सर, पुन्हा एक बिल्डर. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, काचेचा हत्ती, फोटो. फोटोत बायको. फोटोत मेहुणा. मेहुणा सापडेना म्हणून थांबायचं. आठव्या माणसाच्या सत्कारावेळी निवेदकाच्या कानात कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि तो माइकवर म्हणाला, “समय की कमी के कारण सम्मान के बाद हम सीधे फिनाले पर चलेंगे.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “सीधे म्हणजे?”

“मधले नंबर गाळले, बाई.”

“चार?”

“चार, पाच, सहा.”

त्या उठल्या. मी त्यांची पर्स घेऊन मागे. स्टेजच्या पायरीशी संजीव लोंढे उभा होता, वल्लरीचा वरिष्ठ, कानात तार आणि हातात वॉकीटॉकी.

“चार नंबर का गाळला?”

“अहो मॅडमजी, टेन्शन नका घेऊ ना! आठ वाजता हॉल खाली करायचाय. फिनाले मस्त आहे, सगळे एकदम स्टेजवर, फुल कलर.”

“चार नंबर किती मिनिटांचा आहे?”

“असेल सहा मिनिटांचा.”

“आणि शाली किती आहेत?”

“अकरा.” संजीव हसला. मग त्यानं बाईंना नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अरे यार, तुम्हीच पागनीस मॅडम ना? नऊ नंबर तर तुम्हीच आहात! सरप्राइज होतं. वल्लरीनं मेरी जान खाल्ली दोन महिने, नाव टाका, नाव टाका. जा ना, बसा सीटवर, आत्ता पुकारा होईल.”

बाईंचा चेहरा मी बघितला. मी इतकी वर्षं स्टेजवर चेहरे बघते, पण असा नाही. चौतीस वर्षांत त्या बाईंना शाळेनं एक गुलाबसुद्धा दिलेला नाही. गॅदरिंगच्या अहवालात ‘नृत्यसंयोजन: क्रीडा विभाग’ असं छापतात, नावही नाही. आणि आज नाव पुकारणार होते, हजार माणसांसमोर, आणि ते नाव त्यांच्याच नाचाच्या उरावर बसलं होतं.

“मला कुणी विचारलं?” त्या म्हणाल्या.

“सरप्राइज विचारून थोडीच देतात, मॅडमजी!”

वर वल्लरीनं माइक हातात घेतला. हिरवी पैठणी, हातात फाइल. “सर, मॅडम, यह नाम मैं खुद पढ़ना चाहती थी. चौंतीस साल एक टीचर ने इस शहर की लड़कियों को नचाया. कार्ड पर उनका नाम कभी नहीं छपा. मेरे पैर चपटे थे. सबने कहा, यह लड़की नहीं नाचेगी. उन्होंने कहा, आख़िरी लाइन में नाचेगी, पर नाचेगी. यशोधरा पागनीस!”

टाळ्या पडल्या, खऱ्या टाळ्या. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बाई पायऱ्या चढून गेल्या. प्रमुख पाहुण्यांनी शाल उलगडली. बाईंनी हातानं ती थांबवली आणि वल्लरीच्या हातातला माइक घेतला.

“यह शॉल मुझे नहीं चाहिए.”

लोक हसले. त्यांना वाटलं, विनय.

“मैं मज़ाक नहीं कर रही. इस कार्ड पर चौथे नंबर पर एक नाच छपा है. वह मुझे चाहिए. मी तीन किलोमीटरवरून— मैं सिर्फ़ उसके लिए आई हूँ. एक शॉल में तीन मिनट जा रहे हैं. मेरी और मेरे बाद की दो, नौ मिनट. नाच छह मिनट का है. ये लड़कियाँ साढ़े पाँच बजे से खड़ी हैं. मेहमान को घर बुलाकर रसोई के बाहर खड़ा रखते हो क्या तुम लोग?”

“बैठ जाओ मैडम!” मागून कुणीतरी.

“सई बोल री हैं!” बाल्कनीतून दुसरं कुणीतरी. एक शिट्टी. मग बऱ्याच.

पहिल्या रांगेतून दहाव्या नंबरचे मिठाईवाले उठले, सोबत अख्खं कुटुंब, मोबाइल तयार. “अरे तो हमारी शॉल नीचे ही दे दो यार, झगड़ा काय को कर रिये हो!” त्यांना शाल खालीच दिली. अकरावे कुठे दिसेनात. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, “मुझे तो वैसे भी निकलना था,” म्हणाले आणि निघाले. त्यांच्यामागे पहिल्या दोन रांगा रिकाम्या झाल्या.

पथकाच्या प्रमुखबाईला यातलं अक्षर कळलं नव्हतं. ती विंगेत मुठी आवळून उभी होती. पागनीस बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, कार्ड उघडलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि चार बोटं वर केली. प्रमुखबाईनं त्या चार बोटांकडे पाहिलं, मग संजीवकडे. संजीव वॉकीटॉकीत ओरडत होता. तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि मुलींना हाक मारली.

वल्लरी मात्र फाइल छातीशी धरून माझ्या शेजारून निघून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

बाईंना खाली जाऊन बसायला वेळच नव्हता. मी मागच्या जिन्यानं विंगेत पोचले तेव्हा त्या पडद्याच्या कडेला दोर धरून उभ्या होत्या. अकॉर्डियननं एक लांब सूर धरला. पहिली मुलगी आत आली, मग दुसरी, मग तिसरी. डहाळी नाही, निळा रुमाल, पण बाकी सगळं तेच. झगे जमिनीला टेकलेले, मान स्थिर, खांदे स्थिर, आणि तो अख्खा घेरा फिरत होता, कुणी पाण्यावर दिवे सोडावेत तसा. हॉलमध्ये एकही मोबाइल वर गेला नाही. निदान पहिला मिनिटभर तरी.

समोरच्या विंगेत खाली ठेवलेले दोन दिवे आडवा प्रकाश टाकत होते. खुर्चीत बसून कधीच दिसलं नसतं. पण इथे, कडेला, मुलगी त्या दिव्यासमोरून गेली की झग्याच्या कापडातून पायांची सावली दिसे. बाई खाली बसल्या. सरळ जमिनीवर, साडीनिशी, नाक जवळजवळ फळ्यांना लावून.

“वाकलेले आहेत,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“गुडघे! बघ ना. सगळ्यांचे. वाकलेले आणि सैल. स्प्रिंगसारखे. धक्का गुडघा गिळतो, म्हणून वर हलत नाही.” मग त्यांचा आवाज बदलला. “चौतीस वर्षं मी काय ओरडत होते?”

मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

“सांग ना! तू होतीस ना त्या रांगेत? काय ओरडत होते मी?”

“गुडघे ताठ.”

“ताठ!” त्यांनी स्वतःच्या मांडीवर मूठ मारली. “ताठ ठेवा म्हणे. कोणी सांगितलं होतं मला? कोणी नाही! एक फोटो बघून मी... आणि पोरी रडायच्या, तर मी म्हणायचे नाटकं करू नका. मूर्ख बाई!” नाच संपेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या संपल्यावर माझा हात धरून उठल्या.

पार्किंगमध्ये वल्लरी स्कूटरपाशी उभी होती. शाल तिच्याच हातात.

“घ्या. नाहीतर ऑफिसात जमा करावी लागेल.”

“नको.”

“बाई, मी तीन मीटिंगांमध्ये भांडले तुमच्यासाठी. ते म्हणत होते, टीचर का सम्मान देखने कौन आएगा. मी म्हटलं, नाव नसेल तर मी काम सोडते. आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाक कापलंत.”

“मग आधी विचारायचं मला.”

“सरप्राइज होतं!”

“महिनाभर मी तुला एकच गोष्ट सांगत होते, वल्लरी. मला नाच बघायचाय. तू एकदा तरी ऐकलंस? शाल पाहिजे असं मी कधी म्हटलं?”

“उद्या माझा बॉस मला काय काय बोलेल, कल्पना आहे तुम्हाला?”

“आहे.”

“मग सॉरी तरी म्हणा!”

“सातवीत तुझ्या गुडघ्यावर फूटपट्टी मारली होती मी. दोनदा. तुझं बरोबर होतं, चूक माझी होती. त्याचं सॉरी. शालीचं म्हणणार नाही.”

“गुडघ्याचं कुणी मागितलं होतं!” वल्लरी म्हणाली. शाल डिकीत कोंबली, स्कूटर सुरू केली आणि गेली. बाईंनी हाक मारली नाही. राजेंद्र नगरला रिक्षातून उतरताना म्हणाल्या, “पोरगी चुकली नाही. मीही नाही. वैताग आहे नुसता.”

आठवड्यानंतर मी शाळेत गेले, गॅदरिंगचं लाइट बघून देते म्हणून कबूल केलं होतं. हॉलच्या दाराबाहेरच बाईंचा आवाज ऐकू आला. आत सोळा मुली घोळक्यात उभ्या, घामेजलेल्या, वैतागलेल्या.

“गुडघे सोडा! सोडा म्हणते ना! लाकडाच्या आहात का?”

पुढची एक, सहावीतली, दोन वेण्यांची, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मॅडम, पिछले महीने तो आप बोलते थे एकदम सीधे रखो. आज बोल रहे हो मोड़ो. पहले पक्का कर लो ना!”

बाई गप्प झाल्या. मला वाटलं, संपलं आता हिचं.

“पिछले महीने मैं ग़लत बोलती थी,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्याच श्वासाला ओरडल्या, “अब मुँह क्या देख रही हो मेरा? चलो, शुरू से!”